क्लस्टरची फाइल अडते ती वीस नावांपाशी

एकट्याला न परवडणारी टेस्टिंग लॅब किंवा महागडं मशीन क्लस्टरमधल्या, म्हणजे एका भागातल्या एकाच प्रकारच्या लहान उद्योगांच्या गटातल्या, वीस जणांनी मिळून उभं करायचं, म्हणजे सामायिक सुविधा केंद्र. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 10 कोटींच्या प्रकल्पाला 70 टक्के, 10 ते 30 कोटींच्या प्रकल्पाला 60 टक्के.

पहिला घोळ इथंच. "विदर्भ मागास, म्हणजे आपल्याला 80 टक्के" असं धरून हिशेब मांडणारे दर वर्षी भेटतात. वाढीव 10 टक्के आकांक्षित जिल्ह्यांना, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्र सरकारने निवडलेल्या जिल्ह्यांना आहेत. आपल्याकडे विदर्भात ते गडचिरोली आणि वाशीम. नागपूर त्यात नाही. मग स्वतःचा हिस्सा कमी पडतो आणि सभासद एकेक करून पाय काढतात.

खरी अडचण सभासदांची. एसपीव्हीत, म्हणजे सुविधा केंद्र चालवायला सभासदांनी मिळून काढलेल्या संस्थेत, किमान 20 उद्योग हवेत, आणि ते मालकी व कारभाराने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका फाइलमध्ये नावं बावीस होती. उद्यम प्रमाणपत्रं (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीची) शेजारी शेजारी ठेवली, तर चौघांचा मोबाइल नंबर एकच! वडील, दोन मुलं, सूनबाई. शेड एक, वीजमीटरही एकच. उरले एकोणीस.

त्याहून अवघड कागद म्हणजे सुविधा केंद्राची किमान 60 टक्के क्षमता सभासदच वापरतील याचा पुरावा. सगळ्यांच्या लेटरहेडवर एकाच मजकुराची पत्रं जोडून भागत नाही. महिन्याला किती जॉब, आज ते कुठं जातात, किती बिल होतं, हे प्रत्येकाने लिहायला हवं. आणि इथंच गाडी अडते, कारण शेजारच्या स्पर्धकाला आपला धंदा दिसेल ही भीती. भीती खोटी नाही. पण जे आधीपासून एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन डाय, वेल्डर, अडचणी वाटून घेतात, त्यांची ही पत्रं आठवड्यात तयार होतात. बाकीच्यांनी आधी चार महिने नुसतं भेटावं.

जागेचं काम आधी उरका. "एमआयडीसीकडे अर्ज केलाय" याला ताबा म्हणत नाहीत, आणि ताब्याशिवाय अंतिम मंजुरी नाही.

बाकी क्लस्टरच्या गरजा तपासणारा निदान अहवाल, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), राज्य सरकारमार्फत प्रस्ताव हे ठरलेलं आहे. पण सल्लागाराला आगाऊ रक्कम देण्याआधी वीस प्रमाणपत्रांची झेरॉक्स घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा. साहेब जागेवर नसले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा.