जंगलतोड वेगळी आणि जंगलाचे तुकडे होणं वेगळं

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला आहे, तिथे परवा गप्पांमध्ये एक काका म्हणाले की ॲमेझॉनमधली तोड थांबली की हवामानाचं टेन्शन गेलं. बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून लिहितेय.

जंगलतोड म्हणजे झाडं गेली, जमीन उघडी पडली, सॅटेलाइट फोटोत सरळ दिसतं. तुकडे होतात तेव्हा झाडं बहुतेक जागच्या जागी असतात, पण मधून रस्ता जातो, शेत येतं, विजेची लाइन जाते आणि एका जंगलाची चार बेटं होतात.

कागदावर करून बघा. 100 हेक्टरचं चौकोनी जंगल, म्हणजे 1 किलोमीटर बाय 1 किलोमीटर. कडेचे 100 मीटर सोडले तर आतलं शांत जंगल उरतं 64 हेक्टर. आता त्यातून 10 मीटर रुंदीचे दोन रस्ते अधिकच्या चिन्हासारखे काढा. तोड झाली जेमतेम 2 हेक्टर, पण आतलं जंगल 64 वरून 35 हेक्टरवर आलं!

आणि कड म्हणजे नुसती रेष नाही हो. तिथून ऊन आडवं आत शिरतं, गरम वारा येतो, जमिनीतली ओल उडते. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ 1979 पासून थॉमस लव्हजॉय यांनी सुरू केलेला प्रयोग चालू आहे, 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवलेत, तिथे दिसलं की कडेजवळची सगळ्यात मोठी झाडं आधी मरतात, आणि जंगलातला बराचसा कार्बन त्यांच्यातच असतो ना, त्यांच्या जागी वेली आणि हलक्या लाकडाची झाडं येतात, ती तेवढा कार्बन धरत नाहीत. म्हणजे कुऱ्हाड कधीच निघून गेली तरी कार्बन बाहेर पडतच राहतो.

2017 च्या एका अभ्यासाप्रमाणे उष्ण कटिबंधातलं 19 टक्के जंगल कडेपासून 100 मीटरच्या आत आहे, आणि तिथे झाडं मरून वर्षाला साधारण 34 कोटी टन कार्बन जास्तीचा सुटतो. थेट तोडीतून जेवढा सुटतो त्याच्या जवळपास 31 टक्के! मला हा आकडा वाचून खरंच धक्का बसला.

आमच्या ठाण्याला लागून असलेलं येऊरचं जंगल पानझडी, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका, पण कड कशी असते ते एप्रिलमध्ये अंगाला कळतं. रस्त्यालगत सगळी घाणेरी माजलेली, पाचोळा पापडासारखा मोडतो, आणि तसंच आत ओढ्याच्या बाजूला उतरलं की मातीला अजून ओल असते.

उपायही म्हणूनच वेगळे. तोडीला एकच, तोडू नका. तुकडे झालेत तिथे मात्र ते परत जोडावे लागतात, मधला पट्टा झाडांनी भरावा लागतो, जनावरांना जायला वाट ठेवावी लागते. आमच्या घोडबंदर रोडच्या पलीकडचं नागल्याचं जंगलही येऊरसारखं संजय गांधी नॅशनल पार्कचंच आहे, कागदावर दोन्ही मिळून एकच धरतात, पण बिबट्याला इकडून तिकडे जायचं तर कंटेनरच्या रांगेतून रस्ता ओलांडावा लागतो.