‘बर्क’ करणे: एका खुन्याच्या नावाचं क्रियापद

ब्रिटिश संसदेच्या जुन्या वृत्तांतांत एखादा प्रश्न, एखादी चौकशी ‘बर्क’ केल्याची तक्रार भेटते. वाचणाऱ्याला आधी एडमंड बर्क आठवतो, पण त्या वक्त्याचा इथे काही संबंध नाही. हा बर्क निराळा. विल्यम बर्क हा आयर्लंडातून कालव्याच्या कामावर स्कॉटलंडला आलेला मजूर.

एडिंबरात विल्यम हेअर नावाचा त्याचा साथीदार स्वस्तातलं लॉजिंग चालवी. १८२७ च्या नोव्हेंबरात तिथला एक म्हातारा भाडेकरू आजाराने गेला. त्याच्याकडे ४ पौंड थकलेले. दोघांनी त्याच्या शवपेटीत झाडाची साल भरली आणि प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला साडेसात पौंडांना विकलं. विच्छेदनासाठी कायद्याने मिळणारी प्रेतं फार थोडी होती, विद्यार्थी भरपूर. कबरी उकरल्या जात, म्हणून लोक त्यांवर लोखंडी पिंजरे बसवत. या दोघांनी उकरण्याचा त्रासच घेतला नाही. वर्षभरात त्यांनी १६ जणांना मारलं.

त्यांची रीत ठरलेली: दारू पाजायची, एकाने छातीवर भार द्यायचा, दुसऱ्याने नाक-तोंड दाबून धरायचं. घाव नाही, रक्त नाही, माल शाबूत! पकडले गेल्यावरही मृत्यूचं कारण डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना. अखेर हेअरला माफीचा साक्षीदार करून सोडावं लागलं. मला तर वाटतं, हे क्रियापद टिकलं ते या ‘खूण न ठेवण्या’मुळेच.

२८ जानेवारी १८२९ रोजी बर्कला फाशी झाली, तेव्हा ‘बर्क हिम’ असा गर्दीचा ओरडा चालल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. दोराने नको, त्याच्याच पद्धतीने मारा, असा त्याचा रोख. क्रियापद तिथेच रूढ झालं. पुढे खून मागे पडला आणि गाजावाजा न करता गुंडाळून टाकणं हा अर्थ उरला. अहवाल ‘बर्क’ होतो, पुस्तक होतं, अडचणीचा प्रश्न होतो. बंदी घातली तर मात्र हा शब्द चालत नाही, कारण बंदी सगळ्यांना दिसते.

मराठीत याला ‘दडपणं’ अगदी चपखल बसतं. त्यातही वरून भार टाकणं आहेच. ‘गळचेपी’ जवळची, पण तिचा आवाज बाहेर ऐकू येतो.

१८३२ मध्ये ब्रिटनने ॲनाटॉमी ॲक्ट करून बेवारस प्रेतं वैद्यकीय शाळांना दिली आणि हा बाजार बसला. मुंबई राज्याचा त्याच नावाचा कायदा १९४९ चा. इंग्रजी बोलण्यात ‘बर्क’ आता क्वचितच येतं, पण आपल्याकडच्या एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात श्वास कोंडून येणाऱ्या मृत्यूच्या प्रकरणात ‘बर्किंग’ अजून आहे. बर्कच्या प्रेताचंही विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात उभा आहे.