पोस्टमुळे चौकशीत सापडलेल्या पोलीस अंमलदाराचा बचाव: मोफत वकील कोणाला, कागद कोणते, अर्ज कुठे

ड्युटीच्या तासांबद्दल ठेवलेलं व्हॉट्सअॅप स्टेटस, फेसबुकवरच्या चार ओळी, गळक्या क्वार्टरचा व्हिडिओ. एवढ्यावरून पोलीस शिपायाला कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. ती आली की आपल्याकडे घरचे लोक आधी आमदारांच्या बंगल्यावर जातात आणि मग गावात वर्गणी काढायची बोलणी सुरू होतात. दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात, पण नियमांनुसार दोन्ही त्या पोराच्याच अंगावर येऊ शकतात. त्याला खरी मदत करायची असेल तर त्याचं पहिलं लेखी उत्तर नीट जायला हवं आणि त्यामागे कागद भक्कम हवेत. मोफत वकील, अपील, मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) हे सगळं त्या उत्तरावर उभं राहतं.

पोलिसाला बोलायचा हक्क आहे, पण इतरांएवढा नाही

संविधानाच्या अनुच्छेद 19 मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य पोलिसालाही आहे. सरकारी नोकरीत शिरल्यामुळे माणूस मूलभूत हक्क गमावत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या 1962 च्या निकालात सांगितलं आहे. पण अनुच्छेद 33 नुसार सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्या आधारावर 1966 चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम आला. परवानगीशिवाय संघटनेचं सदस्य होणं, वृत्तपत्राशी संपर्क साधणं, पुस्तक, पत्र किंवा इतर मजकूर प्रसिद्ध करणं, यावर त्यात बंदी आहे. राजकीय हेतूच्या सभेत किंवा निदर्शनात भाग घ्यायला तर सरसकट मनाई आहे. भंग झाल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीच्या पोलीस कर्मचारी संघाच्या प्रकरणात 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने असे निर्बंध वैध ठरवले.

याच कायद्यात एक सवलत आहे आणि उत्तर लिहिताना ती हमखास विसरली जाते. कर्तव्याचा भाग म्हणून प्रामाणिकपणे प्रसिद्ध केलेला मजकूर, किंवा निव्वळ साहित्यिक, कलात्मक अथवा वैज्ञानिक स्वरूपाचा मजकूर या बंदीत येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात झाडीपट्टीच्या नाटकांसाठी पदं लिहिणारे, कविता करणारे पोलीस अंमलदार असतील, तर त्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावं. मजकूर निव्वळ साहित्यिक असेल तर उत्तरात तसं स्पष्ट लिहावं आणि पूर्ण मजकूर जोडावा. तक्रारदाराने कापून दिलेल्या दोन ओळींवर चर्चा होऊ देऊ नये.

याशिवाय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत. त्यात शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे. जुलै 2025 मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबाबत वेगळा शासन निर्णयही निघाला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वर्दी, शासकीय वाहन, बोधचिन्ह वैयक्तिक खात्यावरच्या रील्समध्ये आणू नये, असं त्यात सांगितलं आहे.

बचावाच्या बाजूने पाहायला त्रिपुरा उच्च न्यायालयाचा लिपिका पॉल हा 2020 चा निकाल आहे. सरकारी कर्मचाऱ्याला फेसबुकवर मत मांडण्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि तिच्यावरची कारवाई रद्द केली. मात्र ती पोलीस दलातली नव्हती. म्हणून हा निकाल एकटा टेकू म्हणून पुरत नाही.

कागद हातात पडतो तो दिवस

ठाण्यात नोटीस देतात तेव्हा दुसऱ्या प्रतीवर सही घेतात. बहुतेक जण सही करतात आणि तारीख घालत नाहीत. सहीखाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी, आणि जमल्यास त्या प्रतीचा फोटो घ्यावा. नोटिशीवर छापलेली तारीख आणि प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख यांत अंतर असतं. उत्तराची मुदत कधी सुरू झाली हा वाद पुढे निघतोच.

मग कागद कोणता आहे ते बघावं. कसुरी अहवाल (वरिष्ठाने चुकीबद्दल लिहिलेला अहवाल), प्राथमिक चौकशीतला जबाब, कारणे दाखवा नोटीस आणि विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्राथमिक चौकशीत घाईने दिलेला जबाब पुढे विभागीय चौकशीत तोंडावर येतो. म्हणून "चूक झाली, माफ करा" एवढंच लिहून मोकळं होण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकण्याआधी त्या पोस्टमध्ये नेमका कोणत्या नियमाचा भंग दाखवला आहे ते वाचावं. नोटिशीत नियमच नमूद नसेल तर उत्तरातला पहिला मुद्दा तोच.

मुदत अपुरी असेल तर वाढवून मागायचा अर्ज मुदत संपायच्या आत द्यावा. ज्या कागदांच्या आधारे आरोप आहे त्यांच्या प्रती लेखी मागाव्यात: मूळ तक्रार, स्क्रीनशॉट, तो कोणी, कधी, कुठल्या मोबाईलवरून काढला त्याची माहिती, साक्षीदारांचे जबाब. प्रकरण फौजदारी न्यायालयात गेलं तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. विभागीय चौकशीत पुराव्याचे नियम एवढे कडक नसतात, तरी पोस्ट त्याचीच आहे आणि पूर्ण आहे हे खात्याने दाखवावं, असा आग्रह धरता येतो. त्याने स्वतःही पोस्ट काढून टाकण्याआधी तारीख, वेळ आणि खालच्या प्रतिक्रियांसह तिची पूर्ण प्रत जपून ठेवावी.

घरच्यांनी एक फाईल करावी. नियुक्ती आदेश, सेवापुस्तकाची प्रत, मिळालेली बक्षिसं आणि प्रशंसापत्रं, गेल्या काही महिन्यांचे ड्युटी चार्ट, रजेचे नामंजूर अर्ज, क्वार्टरबद्दल आधी वरिष्ठांना दिलेली निवेदनं. शेवटचे दोन-तीन कागद फार मोलाचे आहेत. तक्रार आधी रीतसर मार्गाने मांडली होती आणि कोणी दखल घेतली नाही, हे त्यातून दिसतं. शिक्षा ठरवताना त्याचं वजन पडतं.

चौकशीत सोबतीला कोण

शिपाई ते सहायक फौजदार या दर्जाच्या अंमलदारांवरची खात्यांतर्गत कारवाई महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 25 आणि 26 खाली आणि 1956 च्या शिक्षा व अपील नियमांनुसार चालते. विभागीय चौकशीत सहसा वकील उभा राहू देत नाहीत. त्याऐवजी खात्यातला दुसरा कर्मचारी बचाव सहायक म्हणून मागता येतो. त्यासाठी चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा आणि सोबत त्या सहकाऱ्याचं संमतिपत्र जोडायचं. नियम माहीत असलेला, साक्षीदाराची उलटतपासणी शांतपणे घेणारा माणूस निवडावा. पोलिसांच्या पाठीशी उभी राहील अशी संघटना आपल्याकडे नाही. मुंबईतल्या ऑगस्ट 1982 च्या पोलीस संपानंतर ती वाट बंद झाली. म्हणून हा एक सहकारी फार महत्त्वाचा ठरतो, आणि त्याने तयार होणं ही खरी हिंमत आहे.

गावकऱ्यांना साक्ष देता येते. व्हिडिओत दिसणारी क्वार्टरची गळती खरी होती, किंवा त्या दिवशी तो सलग बंदोबस्तावर होता, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं. चौकशी संपल्यावर शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मिळणं हा त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या बी. करुणाकर निकालाने तो पक्का केला. प्रत न देता शिक्षा झाली तर अपिलात तो मोठा मुद्दा होतो.

निलंबन झालं तर

निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. नंतर, उशीर त्याच्यामुळे झाला नसेल, तर भत्ता वाढवता येतो. हा भत्ता मिळण्यासाठी दर महिन्याला आपण दुसरी नोकरी किंवा धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. काली-पिवळी चालवली किंवा बाजार समितीत अडत्याकडे हिशेब लिहायला बसला, तर भत्ता जाऊ शकतो आणि नवा आरोपही येतो. मुख्यालय सोडून गावी यायचं तर लेखी परवानगी घ्यावी, मग घरी सोयाबीनची सवंगणी का असेना.

तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. 9 जुलै 2019 चा शासन निर्णय तसं सांगतो. त्याचा हवाला देऊन पोलीस अधीक्षकांकडे पुनर्स्थापनेचा अर्ज करावा.

मोफत वकील कोणाला

विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये पात्रता दिली आहे. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे महिला पोलीस शिपायाला, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या अंमलदाराला पगार कितीही असला तरी मोफत वकील मिळतो. नोकरदाराला ही योजना लागूच होत नाही, असा गैरसमज तालुक्या-तालुक्यांत आहे. तो मनातून काढावा. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. नियमित पगारावर ती बहुधा ओलांडली जाते. निलंबनात उत्पन्न घटलं असेल तर निर्वाह भत्त्याचा आदेश जोडून अर्ज करून पाहावा.

अर्ज तालुका न्यायालयातल्या तालुका विधि सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. प्रकरण उच्च न्यायालयात असेल तर विदर्भासाठी नागपूर खंडपीठाची स्वतंत्र विधि सेवा उपसमिती आहे. साध्या कागदावर लिहिलेला अर्ज चालतो. सोबत ओळखपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नावर पात्र असेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, आणि प्रकरणाचे कागद: नोटीस, दोषारोपपत्र, आदेश. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. अर्ज मंजूर झाला की वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, प्रती यांचा खर्च प्राधिकरण करतं. कोणी वरून पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी कळवावं. नालसाची (राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाची) हेल्पलाइन 15100 आहे.

हा वकील विभागीय चौकशीत बसणार नाही, पण नोटिशीचं उत्तर तपासून देऊ शकतो. गुन्हा दाखल झाला तर जामिनाचं काम त्याचंच. त्यात उशीर करू नये, कारण 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप झालेलं मानलं जातं.

वर्गणी आणि आमदारांचं पत्र

सरकारी कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय कुठल्याही कारणासाठी निधी गोळा करणं किंवा त्यात सहभागी होणं वर्तणूक नियमांत बसत नाही. त्याच्या नावाचा क्यूआर कोड गावाच्या ग्रुपवर फिरला, तर मूळ आरोपाला दुसरा आरोप चिकटतो. राजकीय किंवा बाहेरचं वजन वरिष्ठांवर आणणं हेही नियमभंगात येतं, आणि आमदारांचं पत्र थेट त्याच फाईलला लागतं. ठाण्यावर मोर्चा नेला तर "याच्या पोस्टमुळे सुव्यवस्था बिघडली" हे खात्याचं म्हणणं आपणच सिद्ध करून देतो.

पैशाची मदत घरच्यांनी आणि जवळच्या नातेवाइकांनी करावी, बँकेतून करावी, आणि कोणी किती दिले ते लिहून ठेवावं. मोठी रक्कम असेल तर खात्याला कळवावं. गावाला काही करायचंच असेल तर त्याच्या म्हाताऱ्या आईबापाची पेरणी-फवारणी उरकून द्यावी, मुलांच्या शाळेकडे बघावं.

शिक्षा झाल्यावर: अपील आणि मॅट

पोलीस अधीक्षकांच्या आदेशावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 27 खाली अपील होतं, साधारणपणे परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे. अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि अमरावती ग्रामीणसाठी ते अमरावतीत. मुदत आदेशासोबत पाहावी आणि अपील कार्यालयामार्फत देतानाच पोच घ्यावी. अपिलात भावनेचा मजकूर कमी ठेवून मुद्दे घालावेत: कागद दिले नाहीत, साक्षीदार तपासू दिला नाही, अहवालाची प्रत नाही, मजकूर निव्वळ साहित्यिक होता, शिक्षा आरोपाच्या मानाने जास्त आहे.

अपील फेटाळलं, तर विदर्भातल्या अंमलदाराने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे मॅटच्या नागपूर खंडपीठापुढे प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 19 खाली मूळ अर्ज करायचा. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपील देऊन सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तर वाट बघत बसू नये. त्या सहा महिन्यांनंतर एक वर्षाच्या आत थेट मॅटमध्ये जाता येतं. अनेक अंमलदार "साहेब बघतो म्हणाले" यावर ही मुदत घालवतात, आणि मग उशीर माफीचा वेगळा अर्ज करून प्रत्येक महिन्याचं कारण द्यावं लागतं. मॅटच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका होते. मोफत वकिलाचा अर्ज या दोन्ही ठिकाणांसाठी नव्याने द्यावा लागतो, म्हणून अपिलाचा निकाल हातात पडताच तो द्यावा.