पोलीस नीती (प्रशिक्षणातील)

पोलीस नीती : पोलिसाने आपले अधिकार कशासाठी, किती आणि कोणत्या मर्यादेत वापरावेत याचा विचार करणारी व्यावहारिक नीतिशास्त्राची शाखा. नव्याने भरती झालेल्यांना ती फौजदारी न्यायव्यवस्थेच्या मूलतत्त्वांबरोबरच शिकवतात, आणि तेच योग्य आहे. कायदा काय करू देतो आणि ते आत्ता करावे का, हे दोन्ही प्रश्न रस्त्यावर एकाच क्षणी पुढ्यात येतात.

बहुतेक संस्थांत हुद्दा जितका खालचा, तितकी निर्णयाची मोकळीक कमी. पोलीस दलात हे उलटे असते. रात्रीच्या गस्तीत अडवलेल्या मुलाला समज देऊन सोडायचे की ठाण्यावर न्यायचे, हे तिथे उभा असलेला शिपाई ठरवतो. या मोकळिकीला विवेकाधिकार म्हणतात. अटक केली तर ती पुढे न्यायालय तपासते. न केलेल्या अटकेची मात्र बहुधा कुठे नोंदही होत नाही. ओळखीच्या माणसाला सोडले आणि अनोळखी माणसाला धरले, हा भेदभाव म्हणूनच सहजासहजी कोणाच्या नजरेस येत नाही.

फौजदारी न्यायाची पहिली शिकवण म्हणजे कामांची विभागणी. तपास पोलिसांचा, खटला चालवणे अभियोग पक्षाचे, दोष ठरवणे आणि शिक्षा देणे न्यायालयाचे. शिक्षा हे पोलिसाचे काम नाही. वाक्य साधे आहे, पण कोठडीत उगारलेला प्रत्येक हात ते मोडतो. याच्याच जोडीला निर्दोषत्वाचे गृहीतक येते : दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानायचा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अकराव्या कलमात ते आहे. इंग्लंडमधील वूल्मिंग्टन खटल्यात १९३५ साली गुन्हा सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावरच असतो, हे ठामपणे सांगितले गेले. प्रशिक्षणार्थी इथे नेहमी अडखळतात ते ‘मला खात्री आहे’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ यांतील अंतरावर. अडवून चौकशी करायला सबळ संशय पुरतो, अटकेला त्याहून भक्कम कारण लागते, आणि दोषी ठरवण्यासाठी वाजवी शंकेला जागा उरता कामा नये.

सर्वांत अवघड धडा लाचेचा नाही. लाच घेणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळत असते. खरा धोका असतो चांगल्या हेतूने केलेल्या लबाडीचा. आरोपी गुन्हेगारच आहे अशी मनाची पक्की खात्री झालेला अधिकारी जबाबात एक वाक्य घालतो, झडतीची वेळ बदलतो, आरोपीच्या बाजूचा साक्षीदार कागदावर आणतच नाही. स्वतःसाठी त्याने काही घेतलेले नसते, म्हणून त्याला अपराधी वाटत नाही. पण ती खात्री चुकीची निघाली तर निरपराध माणूस तुरुंगात जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ब्रॅडी खटल्यात आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा दडवणे हा न्याय्य प्रक्रियेचा भंग ठरवला. तिथल्या प्रशिक्षणार्थींना हे नाव पाठच असते.

कबुलीजबाबालाही हेच लागू होते. मार, झोपमोड आणि धमकी यांपुढे माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो. १९८४ च्या छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारानुसार छळ करून मिळवलेला जबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १९६६ च्या मिरांडा निकालाने कोठडीतील चौकशीपूर्वी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगणे अमेरिकेत बंधनकारक केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये चुकीच्या शिक्षांची प्रकरणे उघड झाल्यावर १९९२ मध्ये मुलाखतीची नवी पद्धत आली. कबुली काढणे हा तिचा उद्देश नाही. माणसाला मोकळेपणी बोलू द्यायचे, माहिती गोळा करायची आणि ती पडताळायची, अशी तिची रीत आहे.

बळाच्या वापराबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ मध्ये मंजूर केलेली आचारसंहिता आधार मानली जाते. तिच्यात आठच कलमे आहेत. तिसरे कलम सांगते की बळ अगदी आवश्यक असेल तेव्हाच आणि कर्तव्यापुरतेच वापरावे. पाचव्यानुसार वरिष्ठांचा हुकूम ही छळाची सबब होऊ शकत नाही. बंदुकीच्या वापराचे नियम १९९० मध्ये हवाना येथे अधिक तपशिलाने मांडले गेले.

भेटवस्तू आणि फुकटचे जेवण यांवर प्रशिक्षणात बराच वेळ जातो. न्यूयॉर्कच्या पोलिसांतील भ्रष्टाचार तपासणाऱ्या नॅप आयोगाने १९७२ च्या अहवालात दोन प्रकार सांगितले : शिकार शोधत फिरणारे ‘मांसभक्षी’ आणि समोर येईल ते घेणारे ‘गवत खाणारे’. आयोगाला दुसरे अधिक घातक वाटले, कारण त्यांच्या संख्येमुळेच भ्रष्टाचाराला प्रतिष्ठा मिळते.

सहकाऱ्याला अडवण्याचे कर्तव्य आता अभ्यासक्रमात ठळकपणे येते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर एका अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला, आणि त्यात फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. सोबतच्या तिघांपैकी दोघांचा नोकरीतला तो पहिलाच आठवडा होता, आणि गुडघा दाबणारा त्यांतल्या एकाचा प्रत्यक्ष कामावरचा प्रशिक्षक होता. नवख्यांपैकी एकाने ‘यांना कुशीवर वळवायचे का’ असे दोनदा विचारले. नकार आला, आणि त्याने विचारणे सोडून दिले. अडवण्याचा नियम त्या दलात २०१६ पासून लेखी होता. २०२२ मध्ये तिघेही संघराज्य न्यायालयात दोषी ठरले.

नियम माहीत असूनही वरिष्ठासमोर तोंड उघडत नाही, हे या घटनेतून दिसले. त्यामुळे काही संस्थांत आता याचा प्रत्यक्ष कृतीतून सराव करवून घेतात. प्रशिक्षक संतापलेल्या वरिष्ठाची भूमिका करतो. प्रशिक्षणार्थीने आधी त्याचे नाव घेऊन ‘थांबा’ म्हणायचे, मग ‘मी घेतो, तुम्ही बाजूला व्हा’ असे सांगायचे, आणि तरीही तो थांबला नाही तर हात धरून त्याला मागे ओढायचे. पहिल्या फेरीत बहुतेकांचा आवाज घशातच अडकतो. तो मोठ्याने बाहेर पडेपर्यंत फेऱ्या चालू राहतात.