सीएचआर की सीएचआर-डब्ल्यू? वर्डच्या मॅक्रोत देवनागरी लिहिताना

मजकुरातलं प्रत्येक ‘परिक्षा’ सुधारून ‘परीक्षा’ करायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी मॅक्रो, म्हणजे वर्डकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतला. विंडोजवर वर्डचा व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) एडिटर उघडून दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत पेस्ट केले, तर दोन्हीकडे सात-सात प्रश्नचिन्हं उमटली. म्हणजे माझा मॅक्रो सात प्रश्नचिन्हं शोधून त्यांच्या जागी सात प्रश्नचिन्हं बसवणार! चालवला, तर एरर नाही की काही नाही. ‘परिक्षा’ होती तशीच.

व्हीबीएची स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) आतून युनिकोडच असते, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना वेगवेगळे नंबर देणाऱ्या पद्धतीत. एडिटरची खिडकी मात्र अजून जुन्या कोड पेजवर (ठरावीक लिप्यांपुरत्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालते, इंग्रजी विंडोजवर १२५२ वर. जपानीला निदान ९३२ आहे. देवनागरीला विंडोजने असं कोड पेज कधी दिलंच नाही. म्हणून जपानी माणसाला एडिटरमध्ये आपली लिपी लिहिता येते आणि आपल्याला नाही.

मग अक्षराऐवजी त्याचा नंबर लिहायचा. इथेच दोन जुळी फंक्शनं समोर येतात: सीएचआर आणि सीएचआर-डब्ल्यू. दोन्ही नंबर घेतात नि अक्षर देतात. १२७ पर्यंत दोघांचं उत्तरही एकच, त्यामुळे इंग्रजीत काम करणाऱ्याला फरक कळतच नाही.

सीएचआर कोड पेजला विचारतो, सीएचआर-डब्ल्यू युनिकोडला. सीएचआरला २३६७ (ऱ्हस्व वेलांटी) दिलं, की रन-टाइम एरर ५ येते, कारण त्याची धाव २५५ पर्यंतच. सीएचआर-डब्ल्यूला तोच नंबर दिला की वेलांटी हजर. ‘परिक्षा’ म्हणजे मग २३४६, २३५२, २३६७, २३२५, २३८१, २३५९, २३६६, प्रत्येकाला वेगळा सीएचआर-डब्ल्यू आणि मधे तुकडे जोडायला अँपरसँड (&). शुद्ध शब्दात फक्त तिसरा आकडा बदलून २३६८ होतो. (कोडमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी.) ‘क्ष’ला एक नंबर शोधत बसू नका; तो क, हलन्त आणि ष असा तीन नंबरांचाच आहे.

२५५ च्या वर चूक झाली तर निदान एरर तरी येते. खरा दगा १२८ ते १५९ मध्ये आहे. इंग्रजी विंडोजवर सीएचआर १४७ म्हणजे उघडणारं गोल दुहेरी अवतरणचिन्ह. सीएचआर-डब्ल्यू १४७ म्हणजे एक न दिसणारं नियंत्रण-चिन्ह. युनिकोडमध्ये ते अवतरणचिन्ह ८२२० वर आहे. ‘डब्ल्यू लावलेलं बरं’ म्हणून जुन्या मॅक्रोत सरसकट डब्ल्यू लावलात, तर अवतरणं गुपचूप गायब होतील.

उलट्या दिशेची जोडी अशीच: ‘म’चा नंबर एएससीला विचारला तर ६३ मिळतो, म्हणजे पुन्हा प्रश्नचिन्ह, एएससी-डब्ल्यू २३५० सांगतो.

आणखी एक चकवा. स्ट्रिंग नीट झाली का, हे पाहायला मेसेज बॉक्स लावला, तर तिथेही प्रश्नचिन्हंच! माझी निम्मी दुपार यात गेली. स्ट्रिंग बरोबर होती. मेसेज बॉक्सच जुन्या कोड पेजमधून दाखवतो. खात्री करायची तर ती स्ट्रिंग सरळ डॉक्युमेंटमध्ये टाइप करून पाहा.

दोन-चार शब्दांना सीएचआर-डब्ल्यू ठीक. शंभर शब्दांची यादी असेल तर नंबरांचा हा शिवणकामाचा उद्योग मी करत नाही. एका वर्ड फाइलमध्ये दोन रकान्यांचं टेबल करतो, डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, आणि मॅक्रोला तिथून वाचायला लावतो. देवनागरी कोडमध्ये शिरतच नाही. शिवाय यादी कोणालाही वाढवता येते. फक्त सेलमधला मजकूर घेताना शेवटची दोन अक्षरं छाटा: वर्ड तिथे १३ आणि ७ नंबरची चिन्हं चिकटवून देतो, आणि ती राहिली तर शब्द सापडत नाही. या दोघांना सीएचआर काय नि सीएचआर-डब्ल्यू काय, सारखंच.