आखाजीचं कार्ड आणि कागद कापण्याचा इतिहास

यंदा आखाजीला भाचीनं आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, कार्ड केलं. वरून पाहिलं तर जाड कार्डशीटला मधोमध घातलेली घडी, बस्स. उघडलं की आत कडुलिंब उभा राहतो आणि त्याच्या फांदीला दोन दोऱ्यांचा झोका लोंबतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात माहेरवाशिणींचा सण, आणि झोक्यावाचून आखाजी होत नाही. त्यामुळे विषय शोधायला तिला वेळ लागला नाही. आईनं ते कार्ड तीनदा उघडलं, तीनदा मिटलं आणि विचारलं, "हाई काय शे?"

लिंबाची पानं मात्र भाचीनं कापलेली नव्हती. ती पाकिटातून आली होती, डायवर, म्हणजे धारदार पात्याच्या साच्यावर, कापलेली, एकासारखी एक. त्यावरून घरात वाद झाला. "तयार तुकडे चिकटवले, मग हातानं केलं ते काय?" असं काकांचं म्हणणं. शंका रास्त आहे. पण या कार्डांच्या मागे जात राहिलं की दिसतं, कापणारा एक आणि चिकटवणारा दुसरा, ही वाटणी त्यांत फार जुनी आहे. कापण्याचं काम यंत्राकडे कधीच गेलं. चिकटवण्याचं आजही जात नाही.

पानावरचा कागद हलवण्याची, उचलण्याची हौस आधी विद्वानांना लागली. मुलांचा नंबर बराच नंतर आला. १३व्या शतकात इंग्लंडमधल्या सेंट आल्बन्स मठातला भिक्षू मॅथ्यू पॅरिस यानं आपल्या प्रवास-नकाशांना उघडझाप करणारे तुकडे जोडले होते. १५४० साली पेट्रुस आपियानुस या जर्मन गणितज्ञानं ग्रहांची स्थानं काढण्यासाठी एकावर एक फिरणाऱ्या कागदी चकत्यांचा जंगी ग्रंथ काढला. आणि १५७० मध्ये लंडनला युक्लिडच्या भूमितीचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात घनाकृतींच्या भागात कागदाचे त्रिकोण पानावर चिकटवलेले होते. ते बोटानं उचलून एकमेकांना टेकवले की पानावर पिरॅमिड उभा. तेव्हा आपल्याकडे खान्देशावर फारुकी सुलतानांचं राज्य होतं, राजधानी बुऱ्हाणपूर. युक्लिडच्या त्या पुस्तकातला प्रत्येक त्रिकोण कोणीतरी कापला आणि कोणीतरी खळ लावून बसवला असणार. त्या माणसांची नावं कुठेच नाहीत.

मुलांसाठीची उघडझापीची पुस्तकं १८व्या शतकात लंडनला निघू लागली आणि १९व्या शतकाच्या मध्यात तिथल्या डीन अँड सन या प्रकाशकानं त्यांचा चांगलाच धंदा केला. पण कार्डाची गोष्ट खरी सुरू होते ती टपालापासून. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. तीन वर्षांनी हेन्री कोल या गृहस्थानं चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या आणि उरलेल्या एकेक शिलिंगला विकल्या. शिलिंग म्हणजे बारा पेनी. पत्र पाठवण्यापेक्षा कार्डच बारापट महाग. तरी ती चाल रुजली. टपालात जायचं तर कार्ड चपटं हवं, आणि हातात पडल्यावर चपटं राहिलं तर त्यात मजा काय! मिटलं की सपाट, उघडलं की उभं, ही अट टपालाच्या पाकिटानं घालून दिली आहे.

त्याच काळात कागदाची जाळी निघाली. कागदावर ठशानं उठाव आणायचा आणि वर आलेले टेंगूळ कानशीनं घासून काढायचे. घासलं तिथे भोक पडतं आणि लेसची नक्षी तयार होते. मग जर्मनीतून रंगीत शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं येऊ लागली: देवदूत, गुलाब, मांजरं, ठशानं उठवलेली आणि पोलादी साच्यानं कडेकडेनं कापलेली. ती कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. पट्टी तोडायची, चित्र सोडवायचं आणि वहीत किंवा कार्डावर चिकटवायचं. म्हणजे भाचीचं पाकीट दीडशे वर्षांपूर्वीच बाजारात आलं होतं. तो रंगीत शिळाछाप पुढे आपल्याकडेही आला. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला तो जर्मन यंत्रं घेऊनच, आणि त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरच्या बायकांनी जरी, टिकल्या चिकटवून सजवलं. ते काम यंत्राचं म्हणायचं की हाताचं, हे काकांना विचारायचं राहिलं.

साच्यानं कापायची युक्ती मूळची चांभारकामातली. जोड्यांचे तळ एका मापाचे, भराभर निघावेत म्हणून कडक पात्याचे साचे वापरात आले. कागदाच्या बाबतीत अमेरिकेतल्या रॉबर्ट गेअरचा किस्सा सांगतात. ब्रुकलिनच्या त्याच्या कारखान्यात बियाणांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. पिशवीला घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि रेघ पाडायच्या ऐवजी तिनं पिशवीच कापली. माल वाया गेला. पण गेअरच्या लक्षात आलं की काही पट्ट्या उंच आणि धारदार ठेवल्या, काही ठेंगण्या आणि बोथट, तर एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही होईल. हे १८७९ सालचं. त्याच वर्षी १ जुलैला हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तारखा जुळल्या म्हणून सांगितलं.

गेअरची ती युक्ती आजही जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत रोज चालते. लग्नसराईत कुठल्याही पत्रिका छापणाऱ्याकडे जा, कोपऱ्यात जुनं ट्रेडल मशीन, जबड्यासारखं उघडमिट करणारं छापयंत्र, दिसेल. अक्षरछपाई केव्हाच बंद पडली. ट्रेडल उरलं ते पंचिंगसाठी, म्हणजे डायनं कागद कापण्यासाठी. मी पाहिलेली डाय प्लायवूडच्या फळीची होती. फळीत करवतीनं गणपतीच्या आकाराची खाच आणि त्या खाचेत वाकवून ठोकलेलं पोलादी पातं, सुमारे २४ मिलिमीटर उंच. घडी पडायची तिथलं पातं किंचित बुटकं आणि वरून गोल. त्याला तिथे क्रीजिंग म्हणतात. पात्याच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवलेले, नाहीतर कापलेला कागद पात्यात अडकून बसतो आणि दर खेपेला नखानं काढावा लागतो. नीट पाहिलं तर धारेत दोन-तीन ठिकाणी बारीक फटी होत्या. कारागीर म्हणाला, त्या मुद्दाम. तेवढ्या जागी कागद तुटत नाही, म्हणून गणपती तावाला धरून राहतो, जमिनीवर पडत नाही. जर्मन चित्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांचंही कामच तेच होतं. बोलता बोलता त्याचा हात जबड्यात जायचा, कागद ठेवायचा आणि जबडा मिटायच्या आत बाहेर यायचा. मला बघवत नव्हतं.

खान्देशाचं कागदाशी नातं या ट्रेडलच्याही आधीचं आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये एरंडोल आणि यावल या दोन्ही गावांची नोंद जाडाभरडा देशी कागद करणारी गावं म्हणून आहे, तीही 'एके काळी प्रसिद्ध' अशा भूतकाळात. एरंडोलात तेव्हा तो धंदा थोडाफार तग धरून होता. देशी कागदाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असे. जुने दोर आणि तागाची फाटकी पोती चुन्याच्या पाण्यात भिजवायची, ढेकीनं कुटायची, हौदातल्या लगद्यातून काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा आणि भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग पिठाची खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचा. न घोटलेल्या कागदावर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. शाळेत कातरकामाला आपण जो एका बाजूनं चकचकीत, दुसरीकडून पांढरा रंगीत कागद आणत होतो, त्याला 'घोटीव कागद' का म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. गिरणीतल्या कागदाला कोणी दगडानं घोटत नाही, तरी नाव तेच चिकटून राहिलं.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कागदी लोकांचा, म्हणजे हातानं कागद करणाऱ्यांचा, धंदा बसला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याच्या कामांत हातकागदही होता. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. मंडप आणि दरवाजे नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून उभे केले, जोडीला ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. हाताजवळच्या साध्या सामानातून काहीतरी उभं करून दाखवायचं, हा पाठ आमच्या भागानं तिथे एकदा भव्य प्रमाणात पाहिला.

पॉप-अप हे नाव अमेरिकेतलं. १९३२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्लू रिबन या प्रकाशनानं आपल्या उभ्या राहणाऱ्या पुस्तकांसाठी ते वापरलं आणि तेच रूढ झालं. त्याआधी म्युनिकचा लोथार मेगेनडोर्फर होऊन गेला होता. एक पट्टी ओढली की चित्रातले डोळे, हात, कुत्र्याची शेपटी एकदम हलायची. आत तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी दडवलेली असत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतलं ते काम ओसरलं. पुढे प्रागच्या वोइतेख कुबाश्तानं १९५०-६० च्या दशकांत एका तावातून गावं, जहाजं उठवली. अमेरिकेत वाल्डो हंटनं हा व्यवसाय पुन्हा उभा केला, पण जोडणीसाठी तो कोलंबियासारख्या, स्वस्त मजुरीच्या देशांत गेला. छपाई यंत्रावर, कटाई डायवर आणि शेवटी लांबच लांब टेबलांवर बसलेल्या बाया एकेक तुकडा खाचेत घालून चिकटवत आहेत, असं ते काम. आजही ते तसंच चालतं. अपवाद एकच लक्षात येतो. जपानी वास्तुविशारद मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकात एकाच कागदाला चिरा आणि घड्या देऊन आख्ख्या इमारती उभ्या करायची रीत लोकप्रिय केली. त्यात डिंकाचा थेंब लागत नाही. सुंदर असतात, पण मला त्या जरा थंड वाटतात.

आपल्याकडे छापील शुभेच्छापत्रांचं पेव फुटलं ते आर्चीज ही कंपनी १९७९ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत. दिवाळीत स्टेशनरीच्या दुकानासमोर दोरीवर कार्डं वाळत घातल्यासारखी टांगलेली असायची. उघडलं की बदाम उभा राहणारं कार्ड दहावीला असताना आमच्या वर्गात एकाकडे आलं, ते आठवडाभर बाकाखालून फिरत होतं आणि शेवटी घडीवर फाटलं. मोबाइल आल्यावर ती दोरी गेली. कार्ड परत आलं ते घरी करायची वस्तू म्हणून, २००० नंतरच्या छोट्या यंत्रांसोबत. दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये कागद आणि पातळ पोलादी डाय ठेवायची, दांडा फिरवून रुळांतून काढायची, पान तयार. पापडाचं यंत्र चालवलेल्याला ते शिकवावं लागत नाही. कात्रीचंही फार दुःख करायला नको, कारण कार्डाचा जीव पानांत नसतो, घडीत असतो.

भाचीचं पहिलं कार्ड फसलं ते घडीतच. झोका तिनं खोका-घडीवर टांगला होता. कार्ड काटकोनात उघडलं की मागच्या पानापासून एक पट्टी पुढे येते आणि खाली वळून जमिनीला टेकते. पट्टी मागच्या पानाला मधल्या घडीपासून ६ सेंटिमीटरवर चिकटवली आणि खालच्या पानाला ५ वर, तर तिचा आडवा भाग ५ चा आणि उभा भाग ६ चा हवा. तरच चौकोन नीट मिटतो. आणि मिटल्यावर पट्टीचा पुढचा कोपरा घडीपासून ६ अधिक ५, म्हणजे ११ सेंटिमीटरवर जातो. तिचं कार्ड १० सेंटिमीटरचं. त्यामुळे कार्ड मिटलं तरी झोका एक सेंटिमीटर बाहेर, दारातून डोकावणाऱ्या पोरासारखा. हे गणित डाय करून देत नाही. ते युक्लिडच्या पानावर त्रिकोण बसवणाऱ्यालाही जमवावं लागलं असेल.

दुसऱ्या खेपेला तिनं ५ आणि ४ घेतले. मग उन्हाचा प्रश्न आला. आखाजीच्या दिवसांत इथे पारा बेचाळिशीच्या आसपास असतो, कागद पापडासारखा कोरडा होतो आणि तंतूंच्या आडवी घडी घातली की रेघेवर तडकतो. ताव हातात हलकेच वाकवून पाहायचा, ज्या अंगानं सहज वाकतो त्या अंगाला घडी घ्यायची. घडीची रेघ तिनं संपलेल्या बॉलपेननं दाबून काढली. फेव्हिकॉल पंख्याखाली बोट फिरायच्या आत सुकत होता, म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत, एकेक पान बसवलं. आमचे आजोबा वह्या बांधायचे ते मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकून, कसर लागू नये म्हणून. ती खळ सावकाश सुकायची, तुकडा सरकवायला वेळ मिळायचा.

काका शेवटी शेजारी येऊन बसले आणि झोक्याच्या दोऱ्या तेच ओवू लागले. डाव्या दोरीची गाठ त्यांची आहे. ती अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड पडली, त्यामुळे कार्ड उघडलं की झोका थोडा तिरका राहतो. आईनं ते पानसुपारीच्या डब्याखाली सपाट ठेवलंय. कोणी आलं की काढते, उघडते आणि तिरक्या झोक्याला करंगळीनं हलकेच झोका देते.