लुह्या: नाव एक, भाषा अनेक

केनियाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया सरोवर आणि माउंट एल्गन यांच्यामध्ये काकामेगा, बुंगोमा, विहिगा आणि बुसिया या काउंटी आहेत. २०१९ च्या जनगणनेत केनियातल्या सुमारे ६८ लाख लोकांनी आपली ओळख 'लुह्या' अशी नोंदवली. किकुयूंनंतर हा देशातला सर्वांत मोठा समाज. पण लुह्या नावाची एकच एक बोलली जाणारी भाषा नाही. बुंगोमातला शेतकरी लुबुकुसू बोलतो, विहिगातला लुलोगोली, मुमियासचा ओलुवांगा. बुकुसू, लोगोली, वांगा, मरामा, किसा, त्सोत्सो, काब्रास, न्योरे, तिरिकी, इदाखो, इसुखा, खायो, मराची, साम्या, न्याला, ताचोनी अशी सोळा नावं तर सहज निघतात. शेजारच्या दोन गटांना एकमेकांचं बहुतेक सगळं कळतं. पण उत्तरेकडचा बुकुसू आणि दक्षिणेकडचा लोगोली यांनी एकमेकांची भाषा आधी ऐकलेली नसेल, तर ते थोड्याच वेळात स्वाहिलीवर येतात.

अडतं कुठे? 'झाड' हा शब्द घ्या. वांगात ओमुसाला, लोगोलीत मुसाला, बुकुसूत कुमुसाला. धातू तिन्हीकडे 'साला' हाच आहे. बदलतो तो पुढे लागणारा उपसर्ग. लुह्या भाषा आफ्रिकेतल्या बांतू भाषाकुळातल्या; या कुळात हा उपसर्ग नामाचा वर्ग आणि वचन सांगतो, म्हणून अनेक झाडं म्हणजे अनुक्रमे एमिसाला, मिसाला आणि किमिसाला. 'माणसं' हा शब्दही तसाच: अबांदू, अवांदू, बबांदू. शिवाय उपसर्ग नामापुरता थांबत नाही. विशेषण आणि क्रियापदही त्याच्याशी जुळवून घेतात, त्यामुळे एक फरक वाक्यभर पुन्हा पुन्हा कानावर येतो. 'शेत कसणे' वांगात ओख़ुलिमा, बुकुसूत ख़ुलिमा आणि लोगोलीत कुलिमा. (हा ख़ आपल्या 'खण'मधला नव्हे, उर्दू उच्चारातल्या 'ख़बर'मधला, हवा घासत बाहेर पडते तो घर्षक.) जुन्या बांतू 'क'चं बऱ्याच लुह्या भाषांत असं घर्षण झालं, लोगोलीत इथे तो 'क'च राहिला. त्यात लोगोलीला सात स्वर, बुकुसूला पाच. शब्दसंग्रह ओळखीचा असूनही ऐकणारा अडखळतो तो यामुळे.

दोन बोली एक भाषा मानायच्या की दोन, हे ठरवण्यासाठी क्षेत्रभाषाशास्त्रात साधारण दोन पायऱ्या असतात. पहिली शब्दयादीची: शरीराचे अवयव, पाणी, आग, आकडे असे शंभर-दोनशे मूलभूत शब्द दोन्हीकडून घ्यायचे आणि किती टक्के समान मुळातले आहेत ते मोजायचं. इथली ठरलेली चूक म्हणजे स्वाहिलीतून दोन्हीकडे आलेले उसने शब्द. ते वगळले नाहीत तर आकडा फुगतो. दुसरी पायरी आकलनाची. एका बोलीतली काही मिनिटांची हकीकत ध्वनिमुद्रित करायची, तिच्यावर दहाएक प्रश्न बेतायचे आणि ते आधी त्याच गावच्या लोकांना विचारायचे. त्यांनाच जो प्रश्न चुकतो, तो प्रश्न वाईट; तो काढून टाकायचा. मग मुद्रण दुसऱ्या गावात ऐकवायचं. इथे सरासरीइतकंच महत्त्व गुणांच्या विखुरणीला आहे. सगळ्यांचे गुण जवळपास सारखे आले, तर आकलन भाषांच्या जवळिकीमुळे आहे. काहींना नव्वद आणि काहींना तीस मिळाले, तर नव्वदवाले बाजारामुळे, लग्नसंबंधांमुळे किंवा नोकरीमुळे ती भाषा शिकलेले असतात. बाहेर राहून आलेल्यांना चाचणीतून वगळतात ते म्हणूनच. 'तुम्हाला त्यांचं कळतं का?' असं थेट विचारणं सर्वांत फसवं. त्याचं उत्तर कानापेक्षा मनातून येतं: जवळचे वाटणारे 'कळतात', नावडते 'कळत नाहीत'.

बांतू भाषांची गथ्री या भाषाशास्त्रज्ञाने केलेली सांकेतिक वर्गवारी आजही वापरात आहे. तिच्यात वांगा आणि साम्या ई.३० गटात आहेत. लोगोली, इदाखो, इसुखा, तिरिकी मात्र ई.४० मध्ये, गुसी आणि कुरिया या शेजारच्या बांतू भाषांच्या पंगतीला. आता गुसी स्वतःला लुह्या म्हणवत नाहीत आणि लोगोली म्हणवतात. उलट बुकुसूंना भाषेने सर्वांत जवळचे म्हणजे एल्गनच्या पलीकडचे मसाबा ऊर्फ गिसू. ते युगांडात आहेत, म्हणून लुह्यांच्या मोजणीत येत नाहीत. हा सगळा प्रदेश १९०२ पर्यंत युगांडा संरक्षित राज्यातच होता; त्या वर्षी पूर्वेकडचा भाग आजच्या केनियाला जोडला गेला. म्हणजे लुह्या समाजाची कड भाषेने आखलेली नाही. तिच्यात प्रशासनाच्या सीमारेषेचा वाटा मोठा आहे.

'लुह्या' हे नावही जुनं नाही. वसाहती कागदपत्रांत या लोकांना 'बांतू काविरोंडो' म्हणत. १९३० च्या दशकात सुशिक्षित तरुणांच्या संघटनांनी 'अबालुह्या' पुढे आणलं. ओलुह्या म्हणजे कुळातली वडीलधारी मंडळी जमायची ती शेकोटीची जागा. १९४८ च्या जनगणनेत ते नाव अधिकृत झालं. शेजारच्या, बांतू कुळाबाहेरच्या भाषा बोलणाऱ्या नांदी, किप्सिगिस इत्यादींनी 'कालेंजिन' हे सामाईक नाव घेतलं, तेही १९४० च्याच दशकात.

याच काळात एक प्रमाण लिखित भाषा घडवायचा खटाटोप झाला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अँग्लिकन मिशनच्या पुढाकाराने भाषासमिती बसली आणि मध्यवर्ती बोलींच्या, मुख्यतः वांगाच्या आसपासच्या, आधारावर व्याकरण व शुद्धलेखन ठरलं. ते सर्वत्र रुजलं नाही, आणि माझ्या मते याची कारणं व्याकरणाबाहेरची आहेत. क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी विहिगातल्या कैमोसीला १९०२ मध्येच आले होते आणि त्यांनी लोगोलीत छपाई सुरू केली होती. पिढीभर एका लिपिरूढीत वाचायला शिकलेल्यांनी ती का सोडावी? लोगोलीतलं संपूर्ण बायबल १९५१ मध्ये आलं, समितीच्या 'लुलुह्या'तलं १९७५ मध्ये. बुकुसूंची अडचण वेगळी. ब्रिटिशांनी वांगांचा राजा नाबोंगो मुमिया याच्या माणसांना इतर गटांवर मुखिया म्हणून नेमलं होतं, आणि १८९५ मध्ये लुंबोका व चेतांबे इथे बुकुसूंनी ब्रिटिशांशी लढाया दिल्या होत्या. वांगाच्या वळणाची प्रमाणभाषा त्यांना वांगांच्या वर्चस्वासारखीच वाटणं स्वाभाविक होतं.

शेजाऱ्यांशी आलेला संबंध याहून बोलका आहे. तिरिकी बांतू भाषा बोलतात, पण त्यांचे वयोगट शेजारच्या कालेंजिनभाषक तेरिकांकडून आलेले आहेत. सुंता झालेल्या मुलांची तुकडी एका गटात जाते. असे सात गट, प्रत्येकी सुमारे पंधरा वर्षं, म्हणजे शंभरेक वर्षांनी नाव पुन्हा फिरून येतं. तिरिकींची मायिना, जुमा, सावे, गोलोंगोलो ही नावं नांदींच्या माइना, चुमो, सावे, कोरोंगोरो यांच्याशी ताडून पाहा. बुकुसूंकडे आठ गट: त्यांतही माइना, चुमा, सावा, कोलोंगोलो आहेतच. बुकुसूंची सुंता सम वर्षीच होते. विधी आणि त्याचे शब्द दुसऱ्या भाषाकुळातून आले, रोजची बोली मात्र बांतूच राहिली.

सरोवरातल्या म्फांगानो आणि रुसिंगा बेटांवरच्या सुबांचं नेमकं उलट झालं. भाषा मूळची बांतू. पण बांतू नसलेली भाषा बोलणाऱ्या शेजारच्या लुओंशी व्यापार आणि लग्नं वाढली, लुओभाषक आयांची मुलं लुओ बोलत वाढली, शाळा आणि चर्चही लुओत आलं. आज बहुतेक सुबा घरात लुओच बोलतात, तरी जनगणनेत सुबा म्हणून वेगळे मोजले जातात. ओलुसुबा टिकून आहे ती मुख्यतः म्फांगानोवर.

लुह्यांच्या सामाईक शब्दांत 'मुलेंबे' मानाचा: शांती असो, हाच नमस्कार. थोड्याफार उच्चारभेदाने तो सगळीकडे चालतो. लुह्या श्रोत्यांसाठीच्या रेडिओ केंद्राचं नाव म्हणूनच 'मुलेंबे एफएम' आहे. आणि लुबुकुसूत ऐकणाऱ्यांसाठी वेगळं 'सुल्वे एफएम' आहे.